कोपऱ्यावरचा उकिरडा आणि शेजारचा गल्ला

मुंबईच्या उपनगरांत जमिनीला सोन्याचा भाव आहे. तरीही अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड यांपैकी कुठल्याही भागात हिंडले की पत्र्यांच्या कुंपणाआड वर्षानुवर्षे पडून असलेला भूखंड दिसतोच. असा भूखंड उकिरडा कसा होतो याचा क्रम ठरलेला आहे. आधी कोपऱ्यातला एक पत्रा निखळतो. मग आसपास कोणाच्या तरी घराचे काम निघते आणि फुटक्या लाद्या, जुना कमोड, सिमेंटची रिकामी पोती असा सगळा राडारोडा रात्री छोट्या टेम्पोतून तिथे ओतला जातो. एकदा ढीग दिसला की शहाळ्यांची टरफले येतात, त्यामागून थर्माकोल, फाटक्या गाद्या आणि हॉटेलांचे उरलेसुरले अन्न. घुशी आणि भटकी कुत्री बस्तान बसवतात. पहिल्या पावसात मधल्या खड्ड्यात पाणी साचते आणि डासांची पैदास सुरू होते. एव्हाना या बाजूच्या फुटपाथवरून जाणारी माणसे पलीकडच्या फुटपाथवरून जाऊ लागलेली असतात. कचऱ्याची चर्चा आपण आरोग्याच्या आणि सौंदर्याच्या अंगाने नेहमी करतो. फुटपाथ बदलणाऱ्या या माणसांबरोबर जो धंदा जातो, त्याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही.

उपनगरातला किरकोळ व्यापार स्टेशन ते घर या वाटेवर जगतो. किराणा, फरसाण, पोळीभाजी केंद्र, औषधांचे दुकान, झेरॉक्स, इस्त्रीवाला यांच्याकडे गिऱ्हाईक गाडी काढून मुद्दाम येत नाही. संध्याकाळी लोकलमधून उतरलेला माणूस वाटेत जे समोर दिसेल तिथे थांबतो, दोन वस्तू घेतो आणि पुढे जातो. ही वाट वीस पावले जरी सरकली तरी गल्ल्यात फरक पडतो. खाद्यपदार्थांच्या दुकानाला दुर्गंधी आणि माश्या यांचा फटका सगळ्यात आधी बसतो. त्यानंतर नंबर लागतो तो मुली-बायकांचा राबता असलेल्या व्यवसायांचा, म्हणजे शिवणकाम, ब्यूटी पार्लर, शिकवण्या यांचा, कारण अंधार पडल्यावर त्या कडेने जायला कोणी धजत नाही. गिऱ्हाईक कमी झाले की दुकानदार शटर लवकर ओढतो, शटर ओढले की त्याचा दिवा विझतो आणि विझलेल्या दिव्याखाली टेम्पो रिकामा करणे आणखी सोपे होते. दुकान आणि उकिरडा यांचे नाते असे दोन्ही बाजूंनी चालते. अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी 1961 साली शहरांवरच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात हे नेमके मांडले होते: रस्ता सुरक्षित राहतो तो त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या माणसांमुळे, आणि त्यांत दुकानदार हा सगळ्यात जागरूक.

मग भूखंड साफ केला की धंदा परत येईल का? माझे म्हणणे असे की नुसत्या सफाईने येणार नाही. ती जागा रोज कोणाच्या तरी वापरात आणि जबाबदारीत राहिली तरच येईल. आणि उपनगरांत ती तशी राहत नाही याचे मुख्य कारण लोकांची बेशिस्त किंवा महापालिकेकडची निधीची कमतरता हे नसून जमिनीच्या मालकाला वाटणारी ताबा जाण्याची भीती हे आहे. या भीतीवर इलाज केल्याशिवाय डंपरच्या कितीही फेऱ्या झाल्या तरी ढीग पुन्हा तिथेच उभा राहील.

या विषयावरचा सगळ्यात भक्कम पुरावा फिलाडेल्फियातून आला आहे. उद्योग बंद पडून काही भाग ओस पडलेल्या त्या शहरात पेनसिल्व्हेनिया हॉर्टिकल्चरल सोसायटी या संस्थेने पडीक भूखंड सुधारण्याचा कार्यक्रम बरीच वर्षे चालवला आहे. तिथल्या 541 भूखंडांवर संशोधकांनी औषधांच्या चाचण्या घेतात त्या धर्तीचा प्रयोग केला आणि 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही भूखंड निवडून तिथे हिरवळ, थोडी झाडे आणि लाकडी कुंपण केले, काहींवर फक्त कचरा उचलून गवत कापले आणि काही होते तसेच ठेवले. सुधारलेल्या भूखंडांच्या आसपासचे लोक बाहेर बसण्या-बोलण्यासाठी आपला परिसर सुमारे 76 टक्के अधिक वापरू लागले. गरीब वस्त्यांमध्ये बंदुकीचे गुन्हे 29 टक्क्यांनी घटले. याच प्रयोगातल्या मानसिक आरोग्याच्या पाहणीतली एक गोष्ट तर आपल्याला फारच उपयोगाची आहे. हिरवळ केलेल्या भूखंडांजवळच्या रहिवाशांमधली उदासपणाची भावना 41 टक्क्यांहून अधिक कमी झाली. जिथे नुसता कचरा उचलला होता, तिथे तसा ठळक बदल आढळला नाही. या अभ्यासाने दुकानांची विक्री मोजलेली नव्हती. पण माणसे बाहेर थांबू लागली, त्यांची भीती कमी झाली, या दोन गोष्टी म्हणजेच किरकोळ व्यापाराचे भांडवल. शिवाय त्या कुंपणाची रचना पाहण्यासारखी आहे. ते कमरेपेक्षा खुजे असते आणि त्याला माणसांना आत जाण्यापुरती फट ठेवलेली असते. गाडी आत घुसून माल ओतू शकत नाही, पण आजूबाजूच्या कोणालाही आत जाऊन बसता येते. आपल्याकडचे आठ फुटी पत्रे नेमके उलटे काम करतात: माणसाला बाहेर ठेवतात आणि टाकणाऱ्याला आडोसा देतात.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो तो असा की तिकडची माणसे वेगळी, आपल्याकडे शिस्तच नाही. हा आक्षेप इतका सवयीचा झाला आहे की तो तपासून पाहावा असे कोणाला वाटत नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात संशोधकांनी तो तपासला. बाजारपेठेजवळच्या एका गल्लीत लोक सायकली लावत. प्रत्येक सायकलच्या दांड्याला एक जाहिरातीचे पत्रक अडकवून ठेवले, आणि जवळपास कचऱ्याची पेटी नव्हती. भिंत स्वच्छ असताना 33 टक्के लोकांनी पत्रक जमिनीवर टाकले. त्याच भिंतीवर रंगाने गिरगटून ठेवले तेव्हा हे प्रमाण 69 टक्क्यांवर गेले. हा प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाला, आणि ज्यांना आपण शिस्तीचे आदर्श मानतो अशा युरोपातल्या शहरातला तो आहे. गल्ली तीच, लोक तेच, फक्त भिंत बदलली आणि वागणे दुप्पट बिघडले. मेट्रोच्या डब्यात कागदाचा कपटाही न टाकणारा अंधेरीचा प्रवासी स्टेशनबाहेरच्या ढिगावर पिशवी भिरकावतो, यात त्याचा दोष आहेच. पण तो ढीग त्याला आधी सांगून चुकलेला असतो की इथे टाकलेले चालते. 2006 च्या स्वच्छता उपविधींनी मुंबईत रस्त्यावर कचरा टाकण्याला दोनशे रुपये दंड ठेवला, क्लीन-अप मार्शल नेमले गेले, पण दंडाची पावती ढिगाची ही साक्ष पुसू शकत नाही.

आपल्याकडेच याचे पुरावे आहेत. घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा करून गल्ली स्वच्छ ठेवायला सुरुवात केली, आणि त्या नमुन्यावरून महापालिकेने ‘एएलएम’ ही रहिवासी गटांची योजना शहरभर नेली. पुढे असे शेकडो गट नोंदले गेले. जिथे रोज लक्ष घालणारी माणसे टिकली तिथे गल्ल्या टिकल्या, जिथे ती थकली तिथे फक्त पाटी उरली. अंधेरी पश्चिमेला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर 2015 मध्ये सुरू केलेली मोहीम जगभर गाजली आणि 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने त्यांचा गौरव केला. तरी नोव्हेंबर 2017 मध्ये प्रशासनाची दिरंगाई आणि स्वयंसेवकांना झालेला त्रास यांमुळे ती काही काळ थांबवावी लागली. समुद्र दर भरतीला कचरा परत आणून टाकतो, आणि रस्त्याकडेच्या भूखंडाचीही भरती-ओहोटी तशीच चालते. डिसेंबर 2023 पासून राज्य सरकारच्या पुढाकाराने मुंबईत सखोल स्वच्छता मोहीम झाली, रस्ते धुतले गेले, राडारोडा उचलला गेला. अशा मोहिमांचा उपयोग नाही असे नाही, पण शनिवारी रिकाम्या झालेल्या जागेला सोमवारी धनी नसेल तर ती पुढच्या टेम्पोची वाट पाहत राहते. गाडगेबाबांनी गावोगाव हातात खराटा घेतला तो दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी तो उचलावा म्हणून, हे आपण विसरतो.

इथपर्यंत फिलाडेल्फिया आणि मुंबई यांचे जुळते. पुढे मात्र दोन्ही शहरांच्या वाटा वेगळ्या होतात. फिलाडेल्फियातले भूखंड पडून आहेत कारण त्या जमिनीला कोणी विचारत नाही. मालक कर भरायचे सोडून निघून गेलेले असतात. आपल्याकडचे भूखंड पडून आहेत कारण त्या जमिनीला फार विचारतात. कुठे वारसांचा दावा चालू आहे, कुठे पुनर्विकासाच्या परवानग्या अडल्या आहेत, कुठे भाव आणखी चढण्याची वाट पाहणे चालू आहे. काही जमिनी विकास आराखड्यात मैदान, शाळा किंवा मंडईसाठी राखून ठेवल्या आहेत पण महापालिकेने ताब्यात घेतलेल्या नाहीत. अशा जमिनींच्या मालकाला 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचे कलम 127 तोंडपाठ असते: दहा वर्षांत संपादन झाले नाही तर खरेदीची नोटीस द्यायची, आणि त्यानंतरच्या ठरावीक मुदतीतही पालिकेने पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. तोवर त्याला त्या जागेवर काहीही नको असते. मुले खेळू लागली तर उद्या मैदान म्हणून आंदोलन होईल, चार गाड्या लागल्या तर हटवता येणार नाहीत, झोपडी पडली तर पुनर्वसनाचा प्रश्न येईल. कचऱ्याला मात्र कोणताच हक्क मिळत नाही. मालकाच्या दृष्टीने वापरापेक्षा उकिरडा अधिक सुरक्षित ठरतो, आणि कायद्याच्या आजच्या चौकटीत त्याचे हे गणित चुकीचे आहे असे म्हणता येत नाही. म्हणून मालकाला निव्वळ नोटिसा पाठवून हा प्रश्न सुटत नाही. डासांच्या पैदाशीबद्दल पालिका नोटीस देतेच. मालक खड्डा बुजवतो, पत्रा ठोकतो आणि पुन्हा थांबतो.

या भीतीवरचा इलाज मुंबईने एकदा शोधून काढला आहे, फक्त तो घरांच्या बाबतीत होता. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला इतके संरक्षण दिले की घरमालक जागा भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवू लागले. 1 फेब्रुवारी 1973 रोजी परवान्यावर राहत असलेल्यांना दुरुस्तीने थेट भाडेकरू ठरवले, तेव्हा उरलासुरला विश्वासही गेला. पुढे 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की मालकाला जागा परत मिळण्याची वाट स्पष्ट केली, आणि हळूहळू बंद फ्लॅटांची कुलुपे निघाली. आज अकरा महिन्यांचा करार हा उपनगरातल्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असलेला व्यवहार आहे. पडीक भूखंडासाठी असाच तात्पुरत्या वापराचा परवाना का असू नये? मुदत ठरलेली, पक्के बांधकाम नाही, वापरणाऱ्याला ताब्याचा किंवा पुनर्वसनाचा कोणताही हक्क नाही, आणि वॉर्ड ऑफिस या कराराचा तिसरा पक्ष. मालकाने जमीन द्यायची, त्या बदल्यात तेवढ्या काळापुरती मालमत्ता करात सवलत घ्यायची. आरक्षित भूखंडाच्या बाबतीत एक वाक्य स्पष्ट लिहायला हवे की या वापराने ना आरक्षण दृढ होते, ना व्यपगत होते. यासाठी राज्य सरकारला नियम करावा लागेल. झाडू आणि डंपर यांच्या खरेदीपेक्षा हे काम कागदावरचे आहे, पण अडलेले खरे तिथेच.

अशा जागेत काय करायचे, याचे उत्तर मोठ्या बागेत शोधू नये. तीन-चार हजार चौरस फुटांचा तुकडा असेल तर सपाट केलेली, पाण्याचा निचरा होणारी जमीन, दोन चांगले दिवे, बसायला ओटे, रस्त्याच्या कडेने टेम्पो आत येऊ नये म्हणून बसके खांब आणि पत्र्यांच्या जागी आरपार दिसणारी जाळी एवढे पुरे. सकाळी भाजीवाल्या, संध्याकाळी वडापाव आणि सँडविचच्या गाड्या, रविवारी बचत गटांचा बाजार. माटुंग्याच्या उड्डाणपुलाखालची जागा हा दक्षिणेकडचा, पण बोलका नमुना आहे. पुलाखाली गाड्या आणि घाण साठू नये म्हणून रहिवाशांनी पाठपुरावा केला आणि 2016 मध्ये तिथे नानालाल डी. मेहता उद्यान उघडले, नर्मदेच्या वळणांसारखी चालण्याची वाट असलेले. दोन्ही बाजूंनी वाहनांचा लोंढा असूनही लोक तिथे फिरतात, आणि लोक फिरतात म्हणून ते उकिरडा होत नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि तो झटकून टाकता येणार नाही. जागा सुधारली की भाडी वाढतील, जुना गाळेधारक जाईल, फेरीवाल्याला हटवले जाईल आणि लाभ शेवटी बिल्डरलाच होईल. मुंबईत ही शंका अनुभवातून आली आहे. जानेवारी 2016 मध्ये महापालिकेने मैदाने-उद्याने दत्तक देण्याचे धोरण मंजूर केले तेव्हा मोकळ्या जागा खासगी क्लबांच्या आणि राजकीय संस्थांच्या घशात जातील या भीतीने इतका विरोध झाला की मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. तो विरोध रास्त होता. म्हणून परवाना कोणाच्या नावावर द्यायचा हा या सगळ्यातला कळीचा मुद्दा आहे. तो एकट्या संस्थेला दिला तर दत्तक धोरणाचीच पुनरावृत्ती होईल. तो शेजारच्या गाळेधारकांच्या, तिथे आधीपासून बसणाऱ्या पथविक्रेत्यांच्या आणि लगतच्या सोसायट्यांच्या एकत्रित गटाला द्यायला हवा, आणि जागेला प्रवेश सर्वांना खुला हवा. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना दिल्या आहेत. रस्त्यावरून उठवलेल्या गाड्यांना भूखंडात ठरलेली जागा मिळाली तर फुटपाथ मोकळा होतो आणि विक्रेत्याचे पोटही भरते. दुकानदार आणि फेरीवाला यांचे भांडण उपनगरांत जुने आहे, पण उकिरड्याने दोघांचेही नुकसान केले आहे. भाडेवाढीचा धोका मात्र पूर्णपणे टळणार नाही. तो कमी करायचा तर एकाच चौकात दिमाखदार प्रकल्प उभा करण्यापेक्षा एका प्रभागातले दहा-बारा लहान तुकडे एकदम घेतलेले बरे. फायदा पसरला की भाव एकाच ठिकाणी चढत नाहीत.

तिसरा प्रश्न उचललेल्या कचऱ्याचा. मुंबईत रोज साडेसहा हजार टनांच्या आसपास कचरा निघतो आणि एका कोपऱ्यातून उचललेला ढीग दुसऱ्या कोपऱ्यात, किंवा आणखी वाईट म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीत जाऊ नये. उपनगरी भूखंडांवर मोठा वाटा राडारोड्याचा असतो. त्यासाठी आता दहिसरला आणि शिळफाट्याजवळ प्रक्रिया प्रकल्प आहेत, तिथे तो दळून पुन्हा बांधकामाला वापरता येतो. घरदुरुस्ती करणाऱ्या ठेकेदाराला तिथवर माल पोचवणे रात्रीच्या टेम्पोपेक्षा स्वस्त आणि सोपे वाटले पाहिजे, एवढी एक गोष्ट साधली तरी ढिगांचा उगम आटेल. सुक्या कचऱ्याच्या बाबतीत कचरावेचक बायकांना वगळून केलेली सफाई अन्यायाची आणि अकार्यक्षमही ठरते. स्त्री मुक्ती संघटनेने 1998 पासून परिसर विकास कार्यक्रमातून या बायकांना संघटित करून वर्गीकरणाचे आणि खताचे कौशल्य शिकवले आहे. भूखंडाच्या एका कोपऱ्यात वर्गीकरणाची शेड त्यांच्या हाती दिली तर रोजची देखरेख आपोआप होते.

जमिनीखाली काय दडले आहे हेही आधी पाहावे लागते. मालाडच्या चिंचोली बंदरच्या जुन्या कचराभूमीवर कार्यालये आणि मॉल उभे राहिले, आणि पुढे तिथल्या संगणकांत आणि वातानुकूलन यंत्रांत वारंवार बिघाड होऊ लागले, तेव्हा खाली पुरलेल्या कचऱ्यातून निघणाऱ्या वायूंकडे बोट दाखवले गेले. याउलट बोरिवलीच्या गोराई खाडीकाठी 1972 पासून साठलेला डोंगर 2007 मध्ये कचरा टाकणे थांबवून शास्त्रीय पद्धतीने बंद करण्यात आला. त्यावर अभेद्य थर अंथरला, आतला वायू नळ्यांनी गोळा केला आणि सुमारे 20 हेक्टर जागा हिरवी केली. मुलुंडची 24 हेक्टरची कचराभूमी ऑक्टोबर 2018 मध्ये बंद झाली आणि तिथला सुमारे 70 लाख टन जुना कचरा उकरून, चाळून जमीन मोकळी करण्याचे काम हाती घेतले गेले. एवढ्या मोठ्या जागांना वर्षे आणि शेकडो कोटी लागतात. कोपऱ्यावरच्या तुकड्यावर साठलेला माल बहुधा वरवरचा असतो, आणि म्हणूनच इथे थोड्या पैशांत पुष्कळ होण्यासारखे आहे. तरी जिथे ओला कचरा भरावात गाडला गेला आहे, तिथे वरून लाद्या बसवून बाजार मांडणे म्हणजे विक्रेत्यांच्या आरोग्याशी खेळ होईल.

राहिला पैशांचा प्रश्न. फिलाडेल्फियात एका भूखंडाला सुरुवातीचा खर्च सुमारे 1600 डॉलर आला आणि देखभालीला वर्षाकाठी सुमारे 180 डॉलर. आपल्याकडे आकडे वेगळे येतील, पण प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे: देखभाल स्वस्त आहे, पण ती चुकवता येत नाही. आज पालिका त्याच कोपऱ्यावर वर्षभर गाडी आणि माणसे पाठवून ढीग उचलतेच. त्या खर्चातला वाटा दोन वर्षे परवानाधारक गटाकडे वळवला आणि त्यात गाळेधारकांची व विक्रेत्यांची मासिक वर्गणी पडली तर एका माणसाचा पूर्ण वेळ पगार निघू शकतो. सुरुवात स्टेशनपासून दहा मिनिटांच्या अंतरातल्या आणि किमान चार-पाच दुकाने लगटून असलेल्या भूखंडांपासून व्हावी, कारण तिथे राखणारे डोळे आधीच हजर आहेत. म्हाडाच्या चारकोप-गोराईसारख्या वसाहतींत आणि घाटकोपरच्या पंतनगरात अशा जागांचा मालक सार्वजनिक संस्थाच असल्याने पहिले परवाने तिथे देता येतील, खासगी मालकांना ते पाहून ठरवू द्यावे. करार गणपतीच्या आधी, भराव आणि निचऱ्याचे काम पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात, आणि पहिला बाजार दिवाळीच्या खरेदीला, असा क्रम ठेवला तर गाळेधारकाला पहिल्याच हंगामात गल्ल्यातला फरक मोजून पाहता येईल.